समोर कोण हुता?

आमचे अण्णा गिरणीत साचा चालवायचे. रात्रपाळी करून आले तरी सकाळी आंघोळ उरकून पार्क मैदानावर हजर. सोलापुरात उन्हं चढायच्या आत जेवढा खेळ बघून होईल तेवढा बघायचा, असा त्यांचा नेम होता. मी त्यांच्या शेजारी बसून आधी बेरीज शिकलो, मग गुण लिहायला शिकलो आणि पुढं चाळीसेक वर्षं शहरातल्या क्लबांच्या, गिरण्यांच्या, शाळांच्या सामन्यांचं स्कोअरबुक सांभाळलं. आता मुलगी बॉस्टनला असते. नातवाला क्रिकेटपेक्षा बेसबॉलचं वेड जास्त. त्याच्यामुळं या वयात मला आणखी एका खेळाच्या वह्या वाचता यायला लागल्या. गोलंदाजी भारी की फलंदाजी, जुने थोर की नवे, हा वाद मी दोन्ही देशांत ऐकलाय. त्यातून जे हाती लागलं ते इथं लिहून ठेवतोय.

१. आधी समोरचा माणूस बघावा.

पॉली उमरीगर सोलापूरचा. २८ मार्च १९२६ ला इथं जन्मला, मोठा मुंबईत झाला. अण्णांच्या लेखी एवढंच पुरेसं होतं. पण त्यांचं प्रेम आंधळं नव्हतं. लहानपणी मी कुठंतरी वाचून त्यांना मोठ्या अभिमानानं सांगितलं, की फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारतानं पहिली कसोटी जिंकली, त्यात आपल्या उमरीगरनं नाबाद १३० केल्या. अण्णा म्हणाले, “आकडा काय बघतूस? समोर कोण हुता ते बघ.”

समोर होता तो इंग्लंडचा दुय्यम संघ. हटन आला नव्हता, कॉम्प्टन आला नव्हता, बेडसरही आला नव्हता. चारच महिन्यांनी आपला संघ इंग्लंडला गेला. लीड्सच्या कसोटीत दुसऱ्या डावात धावफलकावर शून्यावर चार बाद लागले. फ्रेड ट्रूमन नावाचा नवा पोरगा तुफान टाकत होता. मालिकेतल्या चार कसोट्यांत त्यानं २९ बळी घेतले. उमरीगरच्या सात डावांत मिळून धावा झाल्या ४३. सरासरी सहाच्या जरा वर.

गंमत अशी, की त्याच दौऱ्यात कसोट्यांखेरीजच्या सामन्यांत त्याच उमरीगरनं तीन द्विशतकं ठोकली आणि सोळाशेच्या वर धावा केल्या. माणूस तोच, बॅट तीच, उन्हाळाही तोच. आता खरा उमरीगर कुठला? पोरवयात मला वाटायचं, यातला एक आकडा खोटा असणार. वही सांभाळायला लागल्यावर कळलं की तिन्ही खरे आहेत. मद्रासचा, दौऱ्यातल्या इतर सामन्यांचा आणि ट्रूमनसमोरचा. प्रत्येक आकड्यापुढं समोरच्याचं नाव लिहिलं की झालं.

आणि नाव लिहायचं तर शेवटपर्यंत लिहावं. १९५९ मध्ये उमरीगर पुन्हा इंग्लंडला गेला, ओल्ड ट्रॅफर्डला ११८ केल्या, तेव्हाही समोर ट्रूमन होता. १९६२ ला पोर्ट ऑफ स्पेनमध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्या डावात ५६, दुसऱ्या डावात नाबाद १७२, वर गोलंदाजीत पाच बळी. समोर वेगवान गोलंदाज वेस्ली हॉल. १९५२ ला जो माणूस मागं सरकला असं लोक म्हणाले, त्यानं दहा वर्षांनी हे करून दाखवलं. अण्णा लोकांना १९५२ सांगायचे आणि मग त्याच दमात १९६२ सांगायचे. एक सांगून दुसरं गाळणाऱ्याशी ते बोलणं थांबवायचे.

२. भीती कुठल्याच रकान्यात बसत नाही.

त्याच १९६२ च्या दौऱ्यात, बार्बाडोसला, चार्ली ग्रिफिथचा चेंडू आपला कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यावर आदळला. कवटी फुटली. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त द्यायला वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल पुढं झाला, आपल्याकडून बोर्डे, नाडकर्णी आणि उमरीगर. कॉन्ट्रॅक्टर वाचला, पण कसोटी पुन्हा खेळला नाही. पोर्ट ऑफ स्पेनच्या त्या १७२ धावा या प्रसंगानंतर काही आठवड्यांतच झाल्या आहेत, उघड्या डोक्यानं.

कसोटीत हेल्मेट पहिल्यांदा आलं १९७८ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम यॅलपच्या डोक्यावर, आणि तेही बार्बाडोसलाच. बेसबॉलमध्ये त्याआधी माणूस गेला होता. १९२० साली रे चॅपमन नावाच्या फलंदाजाच्या डोक्याला चेंडू लागला आणि तो वारला. तोवर तिकडं एकच चेंडू मळका, काळा होईस्तोवर वापरत. त्यानंतर चेंडू मळला की बदलायला लागले. चेंडू दिसायला लागला तशा धावाही वाढल्या. आजचा पोरगा बाउन्सरला पुढं होऊन पुल मारतो तेव्हा मलाही टाळी वाजवावीशी वाटते आणि मी वाजवतो. जुन्या माणसाच्या ३० धावा मात्र मी हळूच दोनदा वाचतो.

३. नियम बदलतो तेव्हा कुणाचं तरी पारडं जड झालेलं असतं.

नातवानं मला १९६८ चं साल शिकवलं. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा, म्हणजे पिचर, मातीच्या उंचवट्यावर उभा राहतो. तेव्हा तो उंचवटा १५ इंचांचा असे. त्या वर्षी सेंट लुईसच्या बॉब गिब्सननं असा काही मारा केला, की नऊ डावांमागं त्याच्याकडून सरासरी फक्त १.१२ धावा निघाल्या. तिकडच्या दोन मोठ्या लीगपैकी दुसऱ्या लीगमध्ये फलंदाजीत पहिला आला कार्ल यास्त्रेम्स्की, आणि त्याची सरासरी होती .३०१. एखाद्या लीगमधला सर्वोत्तम फलंदाज एवढ्या कमी सरासरीवर कधीच पहिला आला नव्हता. फलंदाजांचा जीव घुसमटला. १९६९ पासून उंचवटा पाच इंचांनी उतरवला आणि फलंदाजाच्या पट्ट्यात येणाऱ्या चेंडूची हद्दही लहान केली.

आपल्याकडं उलट दिशेनं झालं होतं. तिशीच्या दशकात फलंदाज ऑफच्या बाहेर पडलेला चेंडू खुशाल पॅडनं अडवत, कारण त्यावर पायचीत देता येत नसे. १९३५ मध्ये तो नियम बदलायची सुरुवात झाली आणि आत येणाऱ्या चेंडूला किंमत आली. एकाच खेळाडूची बदलाआधीची आणि नंतरची वर्षं सरसकट जोडून सरासरी काढणं म्हणजे जुना पैसा आणि नवा पैसा एका पिशवीत मोजणं.

४. तुलना आधी त्या काळच्या शेजाऱ्यांशी करावी.

हे मी सगळ्यात उशिरा शिकलो. शिकलो त्या दिवशी माझ्या जुन्या वह्या पुन्हा काढून बसलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नातवानं विचारलं, “आजोबा, गिब्सनचा १.१२ मोठा की पेद्रो मार्टिनेझचा १.७४?” पेद्रो २००० साली बॉस्टनकडून खेळत होता. मी म्हणालो, हे काय विचारणं, कमी धावा देणारा मोठा. त्यानं कागद ओढला. १९६८ मध्ये गिब्सनच्या लीगमधले सगळे पिचर मिळून सरासरी २.९९ देत होते. २००० मध्ये पेद्रोच्या लीगमध्ये हाच आकडा ४.९१. आता भागाकार कर म्हणाला. १.१२ ला २.९९ ने भागलं तर ०.३७ आलं. १.७४ ला ४.९१ ने भागलं तर ०.३५. म्हणजे आपल्या काळच्या शेजाऱ्यांच्या मानानं पेद्रोनं धावा आणखी कमी दिल्या. तिकडं मैदानाचा फरकही हिशेबात धरून हाच आकडा काढतात. तसा काढला तरी पेद्रोच पुढं राहतो.

माझ्या हातातला चहा गार झाला. चाळीस वर्षं मी आकडे नीट लिहिले, पण असे एकमेकांशेजारी मांडले नव्हते. सोलापूरला परतल्यावर मॅटिंगवरच्या सामन्यांची वही आणि अलीकडच्या टर्फवरच्या सामन्यांची वही शेजारी ठेवली. आमच्याकडं एक ऑफस्पिनर होता, गिरणीतच कामाला, मॅटवर त्याचा चेंडू हातभर वळायचा. त्याच्या बळींची रास बघून त्याला आम्ही जिल्ह्यातला सर्वोत्तम म्हणायचो. त्याच सामन्यांतल्या इतर फिरकीवाल्यांचे आकडे पहिल्यांदा नीट लावले तेव्हा दिसलं, की त्या मॅटवर जवळपास सगळेच बळी घेत होते. शेजारच्याच पानांवर एक मध्यमगती गोलंदाज होता, ज्याला मॅटचा काही उपयोग नव्हता, तरी तो दर सामन्याला दोन-तीन जण काढत होता. त्याचं नाव आम्ही कुणी कधी घेतलं नाही. तो आता हयात नाही. वाईट वाटलं, कारण आमच्यातल्या ज्या माणसानं हे बघायला हवं होतं तो मी होतो.

ब्रॅडमनचं मोठेपणही याच मापानं कळतं. ९९.९४ हा त्याच्या कसोटी सरासरीचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. खरी गोष्ट त्याच्या आणि पुढच्या माणसाच्या मधल्या अंतरात आहे. दीर्घकाळ खेळलेले बाकीचे साठीच्या आसपास येऊन थांबतात.

५. जोंधळ्याचं रान आठवावं.

बेसबॉलमध्ये टेड विल्यम्सनं १९४१ साली .४०६ ची सरासरी राखली. त्यानंतर त्याच्या लीगमध्ये .४०० ला कुणी पोचलं नाही. तिकडची म्हातारी माणसं म्हणतात, आता तसे फलंदाज राहिले नाहीत. स्टीफन जे गूल्ड नावाच्या जीवाश्मांच्या अभ्यासकानं उलटं दाखवलं. सगळ्यांची मिळून सरासरी .२६० च्या आसपासच राहिली, पण वरच्याचं आणि खालच्याचं अंतर कमी होत गेलं. पिचर सुधारले, क्षेत्ररक्षक सुधारले, कच्चे खेळाडू गळाले. त्यामुळं एकट्यानं उंच उठून दिसणं अवघड झालं.

आमच्या मंगळवेढ्याकडं मालदांडी ज्वारी होते. पाऊस ओढ देतो त्या वर्षी रानात एखादंच ताट डोक्याएवढं होतं, बाकी गुडघ्याला. ते ताट बांधावरूनही दिसतं. चांगल्या सालात सगळं रान छातीएवढं असतं, आणि तेवढंच उंच ताट त्यात शोधावं लागतं. ताट काही खुजं झालेलं नसतं.

६. मैदानालाही स्वभाव असतो.

बॉस्टनचं फेनवे पार्क १९१२ चं. डाव्या बाजूला ३७ फूट उंच हिरवी भिंत, फलंदाजापासून अगदी जवळ. दुसरीकडं षटकारासारखा गेला असता तो चेंडू तिथं भिंतीवर आपटून खाली येतो, आणि दुसरीकडं झेल झाला असता तो भिंतीवर लागून धावा देतो. उजव्या बाजूला हिरव्या खुर्च्यांमध्ये एकच खुर्ची लाल आहे. १९४६ मध्ये टेड विल्यम्सनं मारलेला चेंडू तिथं, ५०२ फुटांवर, पडला होता. मी तिथून खाली बघितलं तेव्हा फलंदाज बोटभर दिसत होता.

आमच्या पार्कचं तसंच. एप्रिलमध्ये काळ्या मातीला भेगा पडायच्या, दुपारच्या सामन्यात चेंडू कुठूनही उठायचा. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, सकाळच्या गारव्यात तीच खेळपट्टी वेगळी वागायची. २०२४ च्या जानेवारीत महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना इथं झाला, तेव्हा मी घडीची खुर्ची घेऊन गेलो होतो. गवत, रोलर, सगळं बदललंय. आता इथल्या धावांना जुन्या धावांच्या रांगेत लावायचं तर मला नवी वही करावी लागेल.

७. ज्यांना आत घेतलंच नाही, त्यांनाही मोजावं.

बेसबॉलमध्ये बेब रूथनं १९२७ साली ६० होमरन मारले. त्या काळात तिकडच्या मोठ्या लीगमध्ये काळ्या खेळाडूंना मज्जाव होता. जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू आत आला १९४७ ला. म्हणजे रूथच्या समोर किती चांगले पिचर आलेच नसतील, कोण सांगणार? काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगचे आकडे २०२४ मध्ये अधिकृत नोंदींत घेतले, आणि कारकिर्दीच्या सरासरीत सगळ्यात वर जॉश गिब्सन हे नाव आलं. तो १९४७ मध्येच वारला होता, रॉबिन्सनचं पदार्पण व्हायच्या काही महिने आधी.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढं पळवणकर बाळू उभे राहिले. चांभार समाजातले डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्याच्या क्लबात गोऱ्या साहेबांना सरावाला चेंडू टाकत टाकत घडले. हिंदूंच्या संघात घेतले गेले, कारण त्यांच्याशिवाय जिंकता येत नव्हतं, पण चहा मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर त्यांनी शंभरावर बळी घेतले. हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. ते त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये मिळालं. भारताची पहिली कसोटी १९३२ ची, त्यामुळं कसोटीच्या नोंदीत बाळूंचं पान नाही.

भारताचा सर्वकाळचा संघ निवडायला बसलेल्या लोकांना मी हे नाव सांगतो. पुष्कळजण गप्प होतात. आमच्या वस्तीतल्या एका मित्रानं, जो स्वतः चांगला डावखुरा होता, एकदा विचारलं, “आन् आपल्या गावात कितीजण आसे बाहेरच बसलेले आसतील बे?” माझ्या वह्यांत त्याचं उत्तर नाही. आमच्या लहानपणी कुठल्या आळीतली पोरं पार्कच्या कुंपणापर्यंत येऊन परत जायची, हे मला आठवतं आणि आम्ही त्यांना कधी हाक मारली नाही हेही आठवतं.

८. दुबळ्या संघाविरुद्धचा मोठा आकडा फेकून देऊ नये.

हा बोल पहिल्या बोलाच्या विरुद्ध जातो. जाऊ दे. दोन्ही खरे आहेत.

डिसेंबर १९४८, पुणे. महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या. ब्रॅडमनच्या ४५२ ला अवघ्या नऊ धावा कमी. काठेवाडच्या कर्णधारानं पुढं खेळायला नकार दिला आणि संघ घेऊन निघून गेला. निंबाळकर त्यानंतर अधिकृत कसोटी एकही खेळले नाहीत. काठेवाडची गोलंदाजी सुमार होती असं म्हणून लोक ती खेळी बाजूला सारतात. पण सुमार गोलंदाजी त्या वर्षी आणि नंतरही पुष्कळांच्या वाट्याला आली. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत भारतात आजवर दुसऱ्या कुणी तिथपर्यंत मजल मारलेली नाही.

आमच्या जिल्ह्यातली, माळशिरस तालुक्यातली किरण नवगिरे. २०२२ मध्ये नागालँडकडून अरुणाचलविरुद्ध टी-ट्वेंटीत ७६ चेंडूंत १६२. तेव्हा कट्ट्यावर सगळे म्हणाले, अरुणाचलच की. मीही पहिल्या दिवशी तेच म्हणालो. त्याच वर्षी ती भारताकडून खेळली. २०२५ मध्ये महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध तिनं ३४ चेंडूंत शतक केलं. १६२ च्या त्या खेळीत पुढची खूण होती, आम्ही समोरचं नाव वाचून वही मिटली होती. अण्णांचा प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर मिळाल्यावरही खेळी बघायची असते.

९. जे लिहिलं नाही त्याबद्दल छातीठोक बोलू नये.

आमचा अर्शिन कुलकर्णी २०२३ च्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये ५४ चेंडूंत ११७ करून गेला, १३ षटकार. लगेच कुणीतरी विचारलं, उमरीगर असा वेगानं खेळला असता का? त्या काळच्या पुष्कळ सामन्यांत फलंदाजानं किती चेंडू खेळले हे लिहूनच ठेवलेलं नाही. मिनिटं आहेत, चेंडू नाहीत. ट्रूमनचा वेग मोजणारं यंत्र लीड्सला नव्हतं. सुटलेले झेल आपल्या स्कोअरबुकात कधी रकान्यात बसले नाहीत, मी समासात पेन्सिलीनं लिहायचो, आणि कितीक पानांवर ती पेन्सिल पुसली गेलीय.

म्हणून आता शाळेच्या पोरांच्या सामन्याला बसलो की पहिली ओळ अशी लिहितो: मॅट की टर्फ, चेंडू नवा की जुना, सीमारेषा किती पावलं, ऊन कसं, काल पाऊस झाला का. मग दोन्ही संघांतल्या गोलंदाजांची नावं, पूर्ण, आडनावासकट. कुंपणाबाहेर थांबलेलं कुणी पोरगं किंवा पोरगी दिसली तर आधी उठून त्यांना आत बोलावून आणतो. मग चष्मा पुसतो आणि पहिला चेंडू लिहायला घेतो.